न दुखणारा पाय

बिजलीबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि दर वेळी "हाये" म्हणत होत्या.

रजनीच्या हातात नायलॉनचा एक बारीक तंतू होता. तो तळव्यावर टेकवून वाकेपर्यंत दाबायचा आणि समोरच्याने स्पर्श कळला की "आहे" म्हणायचं, एवढीच ती तपासणी. तिने तंतू अंगठ्याखाली टेकवला. "हाये." टाचेला टेकवला. "हाये." मग तिने हात मागे घेतला आणि नुसतीच थांबली.

"हाये," बिजलीबाई म्हणाल्या.

कोपऱ्यात रबराचा तक्ता कापत बसलेला देवीलाल खो खो हसला. "घ्या मॅडमबाई! बुढीनं शंभरपैकी एकशे दहा मार्क घेतले."

बिजलीबाईंनी डोळे उघडले. "काहून? चुकलं का?"

"मी टेकवलंच नव्हतं," रजनी म्हणाली.

"तं मंग सांगाव नाई का? तू एवढी जमिनीवर बसून माह्या पायाले हात लावून राह्यली. तुले घडोघडी नाई नाई म्हनू? बरं दिसते का ते?"

दाराशी उकिडवे बसलेले बाबूसिंग, त्यांचे नवरे, मान हलवत म्हणाले, "हे अशीच हाये मॅडम. डॉक्टरनं इचारलं जेवन जाते का, तं हे म्हने तुमी जेवले का?"

रजनीने हसत हसत पुन्हा पहिल्यापासून तपासलं आणि स्पर्श कळत नव्हता तिथे कागदावर दोन्ही पावलांच्या आकृतीत फुल्या मारल्या. डाव्या पावलात पुढचा सगळा भाग फुल्यांनी भरला. उजव्यात थोडी जागा कोरी राहिली. साखरेने नसा मारल्या होत्या. डाव्या अंगठ्याखालची जखम पावसाळ्यात सुरू झाली होती आणि प्लास्टर, पट्ट्या, खाटेवरची सक्तीची विश्रांती एवढं सगळं होऊन दिवाळीनंतर कशीबशी भरली होती. यवतमाळच्या डॉक्टरांनी सुटी देताना बजावलं होतं की हा पाय पुन्हा फुटला तर वाचवता येईल असं समजू नका. त्यांनीच दारव्ह्याचा रजनीचा पत्ता दिला होता.

रजनी तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. नोकरी संपल्यावर घराच्या पुढच्या खोलीत, जिथे चंद्रशेखरांचं लिहायचं टेबल होतं, तिथे तिने हे काम सुरू केलं. चंद्रशेखर, तिचे यजमान, जिल्हा परिषदेत होते. साखर त्यांनाही होती. ते कायम काळे, पॉलिश केलेले, बंद बूट घालत आणि दर नवा जोड आधीच्यापेक्षा घट्ट घेत. पाय वाढत नव्हते. पण बूट आवळून बसला तरच तो पायात असल्याचं त्यांना जाणवे, आणि जाणवणारा बूट त्यांना चांगला वाटे. रजनीला हे कारण फार उशिरा कळलं, पायाची करंगळी गेल्यानंतर. मग तिने एका कुष्ठरुग्णालयाच्या कारखान्यातून मऊ रबराच्या चपला आणल्या. चंद्रशेखरांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि विचारलं, "हे घालून मी ऑफिसात जाऊ?" घरात घालायचे, ऑफिसला निघताना बूट चढवायचे. आधी पाऊल गेलं, मग गुडघ्याखालचा पाय, आणि त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

त्याच कारखान्यात जाऊन रजनी काम शिकून आली. असा जोडा पहिल्यांदा कुणाला सुचला हे तिथे कुणी नेमकं सांगू शकलं नाही. दुखणं हरवलेल्या पायांसाठी तो झाला, एवढं सगळे सांगत. पायाला दुखलं की माणूस नकळत भार बदलतो, लंगडतो, थांबून खडा काढतो. ज्याला दुखत नाही तो चालत राहतो. म्हणून त्या जोड्याने पायाच्या वतीने सगळं करायचं असतं. तळाला बारीक बुडबुड्यांचं मऊ रबर, बोटाने दाबलं तर दबणारं पण लगेच वर येणारं. त्याखाली टायरचा कडक थर, काटा आरपार जाऊ नये म्हणून. खिळा एकही नाही, सगळं सोल्युशनने चिकटवलेलं आणि दोऱ्याने शिवलेलं, आणि शिवण बाहेरच्या अंगाला. अंगठ्यात अडकवायचा पट्टा नाही. मागे टाचेला पट्टा हवाच, नाहीतर चप्पल टिकवायला बोटं आवळली जातात आणि आवळलेल्या बोटांची टोकं सोलतात.

बिजलीबाईंच्या तळव्याला शाई लावून तिने कागदावर ठसा घेतला. अंगठ्याखाली शाई गडद उमटली. भार तिथे पडत होता. देवीलालने तेवढ्या जागेखालचं रबर रापीने हलकं कोरून काढलं. तो पिढीजात चप्पल शिवणारा. बाजारातलं दुकान मुलाच्या हाती देऊन दुपारी इथे येऊन बसे. "माह्या बापानं उभ्या जन्मात लोकायचे जोडे कर्रकर्र वाजावे म्हनून मेहनत केली," तो म्हणे, "आन मी इथं मुके जोडे शिवून राह्यलो."

संक्रांतीच्या आठवड्यात जोडा तयार झाला. बिजलीबाईंनी पाय घातले, उठल्या, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. त्यांचा घेरदार फेटिया, बंजारा घागरा, जमिनीला लागत होता आणि कांचळीवरच्या काचा उन्हात चमकत होत्या. तांड्यात आता त्यांच्या वयाच्या बायकाही साडी नेसत. त्यांनी जुना पोशाख सोडला नव्हता. अंगावरची टाके घातलेली प्रत्येक गोष्ट त्यांच्या हातची होती.

"सैल हाये," त्या म्हणाल्या.

रजनीने पट्ट्याखाली बोट सरकवलं. "एवढं बोट आत गेलंच पाहिजे. बरोबर आहे."

"पायात हाये का नाई, तेच समजत नाई मले."

"न समजू दे. तुम्हाला समजेल इतका आवळला तर तो तुमचं कातडं सोलेल. माझ्या घरात झालंय हे."

बिजलीबाई खाली बघत राहिल्या. मग देवीलालच्या मागच्या फळीकडे हात करून म्हणाल्या, "थे लाल कायचं हाये?"

फळीवर देवीलालने दुकानातून आणून टाकलेली लाल रेक्झिनची गुंडाळी होती.

"थे माह्या दुकानाचं," देवीलाल म्हणाला. "नवरीच्या सँडलले लावतो."

"मंग मले लाव. ह्या काळ्या पट्ट्यावर थे लाव."

"रेक्झिन कडक असतं," रजनी म्हणाली. "घासतं. नाही चालणार."

बाबूसिंग बोलले, हळू आवाजात. "मॅडम, गोष्ट अशी हाये का हे काळे जोडे लोकायले ठाऊक हायेत. आमच्याकडे पहिले गाडी येत जाय, महारोग्यायले असे जोडे वाटाले. अस्सेच. आता असे जोडे घालून हे तांड्यात चालन, तं लोक काय म्हनतीन?"

"पण त्यांना तो रोग नाही. साखर आहे. आणि तो रोग असता तरी तो औषधाने बरा होतो, जोड्यातून तर मुळीच लागत नाही."

"तुले ठाऊक हाये बाई," बिजलीबाई म्हणाल्या. "विहीनबाईले कोन सांगन?"

आणि मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या बादलला, एकुलत्या एका मुलाला, दिवाळीत मुलगा झाला होता. सून बबिता माहेरी, उमरखेडकडच्या तांड्यात होती. बिजलीबाई तेव्हा दवाखान्याने दिलेली तसलीच काळी चप्पल घालून, पायाला पट्टी बांधून बारशाला गेल्या होत्या. बबिताची आई तानाबाई गोड बोलली. पण प्रत्येक वेळी बाळ झोपलेलं होतं, किंवा आत्ताच दूध प्यालेलं होतं, किंवा त्याला दृष्ट लागली होती. ओमला मांडीवर न घेताच आजी परत आली होती.

"आता होळीले त्याचा धुंड हाये. वरसाच्या आत जल्मलेल्या पोराचा आमी होळीले धुंड करतो, सारा तांडा येते. आमच्या घरात पोरगं आजीच्या मांडीवर राह्यते त्या टायमाले. मी असे पाय घेऊन बसू?"

रजनीला त्या क्षणी टेबलापाशी उभे राहून बुटाच्या नाड्या आवळणारे चंद्रशेखर दिसले. दिसण्यापायी माणूस पाय घालवतो हे तिने एकदा पाहिलं होतं आणि पुन्हा पाहायची तिची तयारी नव्हती.

"बिजलीबाई, हा दागिना नाही. औषध आहे," ती म्हणाली. "जसा आहे तसा घाला."

"बरं," बिजलीबाई म्हणाल्या. तंतूच्या तपासणीत म्हणत होत्या तशाच आवाजात.

जाण्यापूर्वी रजनीने बाबूसिंगांना शिकवलं. रोज संध्याकाळी दोन्ही पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांतून पुसायचे, उजेडात पाहायचे. फोड, चीर आहे का बघायचं. कुठे लाल दिसलं तर अर्धा तास पाय वर ठेवून बसवायचं. तेवढ्यात लाली गेली तर ठीक. नाही गेली तर त्याच दिवशी फोन करायचा. बाबूसिंगांनी ते तिच्यासमोर तीनदा म्हणून दाखवलं. "लाल दिसलं, गेलं नाई, फोन." मग म्हणाले, "लग्नात हिच्या पायावर बोट नाई फिरवलं मॅडम, आता म्हातारपनी रोज पाय पुसतो."

"पुसते तं पुसते, सांगते कायले साऱ्या गावाले," बिजलीबाई म्हणाल्या.

महिना गेला, दीड महिना गेला. बाबूसिंगांचा फोन आठवड्याला येई. पाय चांगला होता. फेब्रुवारीत एकदा दाखवायला आणलं तेव्हा रजनीने तळवा पाहिला. अंगठ्याखालचं नवं कातडं गुलाबी, कोरडं आणि मऊ होतं. तिने जोडाही पाहिला. मातीने भरलेला होता, म्हणजे खरंच वापरात होता. तिला फार बरं वाटलं.

होळीच्या आदल्या आठवड्यात बाबूसिंग आमंत्रण घेऊन आले. रजनी सहसा कुणाकडे जात नसे. या वेळी गेली.

आर्णी रस्त्यावर उतरून तांड्यापर्यंत जरा चालावं लागलं. कापूस निघून गेलेल्या रानात पऱ्हाटीचे ढीग लावलेले होते आणि बांधावरचे पळस पेटल्यासारखे दिसत होते. तांड्याची होळी पहाटेच जळली होती, राखेतून अजून धूर निघत होता. रंगात भिजलेली माणसं लेंगी, होळीची गाणी, गात घरोघर फिरत होती. कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता. रजनीलाही कुणीतरी "जय सेवालाल, मॅडम" म्हणत कपाळाला रंग लावला.

बिजलीबाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या. सगळ्या बायका त्यांच्या पायांकडे वाकून बघत होत्या, आणि रजनीनेही आधी पायच पाहिले.

जोडा ओळखू येत नव्हता. पुढचा रुंद पट्टा लाल, पिवळ्या, निळ्या दोऱ्यांनी इंचन्‌इंच भरलेला होता. मधे गोल काचा बसवलेल्या, काठाने कवड्यांची रांग, टाचेच्या पट्ट्यालाही बारीक लोकरीचे गोंडे. टाके इतके एकसारखे की यंत्राने घातल्यासारखे वाटावेत. एक म्हातारी नाकाला हात लावून म्हणत होती, "कुठं भेटला वं बिजली असा जोडा? माह्या नातीले पायजे." आणि बिजलीबाई म्हणत होत्या, "दारव्ह्याच्या मॅडमनं बनवला. कारागिरी माही."

रजनी त्यांच्यासमोर खाली बसली. तिने पट्ट्याखाली बोट घालायचा प्रयत्न केला. बोट आत गेलं नाही. दोऱ्यांनी पट्टा ताठ झाला होता आणि वेल्क्रो शेवटपर्यंत ओढलेला होता. तिने तो जरा सोडवला, करंगळीचं टोक आत घातलं. आतल्या अंगाला, कातडीला लागेल असे, दोऱ्यांच्या गाठींचे मणी होते. मोहरीएवढे, टणक, ओळीने. काचेला चार-चार गाठी, कवडीला दोन-दोन.

"काढा हे," ती म्हणाली.

"आज नाई."

"बिजलीबाई, आतून गाठी आहेत. तुम्हाला लागत नाही, पण तुमच्या पायाला लागतंय."

"एवढ्या बारीक गाठी? आमच्या अंगावर जल्मापासून हायेत." त्यांनी कांचळीची बाही ओढून आतली बाजू दाखवली. तिथेही तशाच गाठी होत्या. "काई होत नाई."

"तिथे दुखतं तुम्हाला. दुखलं की तुम्ही बाही सरकवता. इथे कोण सरकवणार?"

बिजलीबाईंनी बाही सोडली. त्या समोर बघत होत्या. घरातून बबिता बाहेर आली होती, आणि तिच्या पाठोपाठ तानाबाई, ओमला घेऊन. तानाबाई खाटेजवळ थांबली. तिने खाली पाहिलं, जोड्याकडे. वाकून एका काचेवर बोट फिरवलं. त्यांच्या गोरबोलीत काहीतरी म्हणाली, ते रजनीला कळलं नाही, पण बायका हसल्या. आणि मग तानाबाईने बाळ बिजलीबाईंच्या मांडीवर ठेवलं.

जोडा काढायचा तर आत्ताच काढायला हवा होता. त्यासाठी पट्टा ओढावा लागला असता, सगळ्यांच्या देखत, आणि खाली ते पाऊल उघडं पडलं असतं, जुन्या जखमेच्या डागासकट. रजनीचा हात वेल्क्रोवर होता. तिने तो एक बोट आत जाईल इतका सैल केला, आणि हात काढून घेतला.

"धुंड झाला की काढा," ती हळूच म्हणाली. "नाचू नका."

"नाई नाचत."

आजी-नातवाच्या डोक्यावर चादर ताणून धरली गेली, तिच्यावर आडवी एक लांब काठी, आणि माणसं तालात त्या काठीवर आपापल्या काठ्या आपटत गाणं म्हणू लागली. ओम आधी दचकला, मग टकामका बघत राहिला. बिजलीबाईंचा चेहरा चादरीखाली होता. दिसत होते फक्त त्यांचे दोन हात, बाळाच्या पोटाभोवती.

परतीच्या गाडीसाठी रजनीला दुपारीच निघावं लागलं. ती रस्त्याला लागली तेव्हा मागे हलगीचा आवाज वाढला होता. तिने वळून पाहिलं. बायकांनी गोल केला होता, वाकून, टाळ्या देत, पाय आपटत त्या फिरत होत्या, आणि त्या गोलात कांचळीच्या काचा चमकत होत्या. कुणाच्या, ते लांबून कळत नव्हतं. तिने बाबूसिंगांना हाक मारली. ते धावत आले, डोक्यापासून पायापर्यंत रंगलेले.

"संध्याकाळी पाय नीट बघा. आज जास्त नीट."

"लाल दिसलं, गेलं नाई, फोन," बाबूसिंग म्हणाले.

"हो," ती म्हणाली, आणि गाडी चुकेल म्हणून भरभर चालू लागली.

घरी पोचून तिने मोरीत कपाळावरचा रंग घासून घासून धुतला. तो गेला नाही. तेव्हाही तिच्या काही ध्यानात आलं नाही.

फोन आला नाही. धुळवडीनंतरचा दिवस गेला, रविवार गेला. रजनीने मनाशी म्हटलं, फोन नाही म्हणजे ठीक आहे. मग सोमवारी भल्या सकाळी बादलचा आला. याडीला, आईला, रात्रीपासून थंडी वाजून ताप होता, बोलत असंबद्ध होती, आणि खोलीत वास येत होता. कसला वास ते त्याला समजत नव्हतं. रजनीला समजलं. तिने त्यांना तसंच यवतमाळला न्यायला सांगितलं आणि स्वतः पहिली बस धरली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबूसिंग भिंतीला टेकून बसले होते. ती दिसताच उठले आणि काही विचारायच्या आत सांगू लागले. रोज पाहिलं होतं. रोज पाय धुतले, पुसले, उजेडात धरले. पण पाय लालच होता. दोन्ही पाय लाल होते, घोट्यापर्यंत, पोरांनी बादल्याच्या बादल्या ओतल्या होत्या आणि औंदा रंग पक्का होता, साबणाने जात नव्हता. अर्धा तास बसवलं तरी लाल. मग त्यांनी स्वतःचे पाय पाहिले, तेही लाल. बादलचे लाल. बाळाच्या टाळूवरसुद्धा लाल. पाय गरम होता, पण चार दिवस उन्हात नाचून-फिरून साऱ्यांचेच गरम होते.

"मले कसं ओळखू आलं असतं मॅडम?" ते म्हणाले. "तुमी म्हनलं लाल पाह्य. मी पाह्यलं. सारंच लाल होतं."

रजनी बाकावर बसली. तीस वर्षं तिने मुलांना सांगितलं होतं की ज्या द्रावणाला आधीच रंग आहे त्यात रंगबदलाची खूण वापरायची नाही, दुसरी खूण शोधायची. पहिल्या वर्षाच्या मुलालाही हे समजे. तिने होळीच्या दिवशी, कपाळाला रंग लावून घेऊन, एका माणसाला लाल बघायला सांगितलं होतं.

"तुमचं काही चुकलं नाही," ती बाबूसिंगांना म्हणाली.  तिने पुन्हा म्हटलं.

पट्ट्याच्या रेषेवर, डाव्या पावलाच्या वरच्या बाजूला आणि करंगळीच्या कडेला, गाठींच्या ओळीने कातडं फुटलं होतं, आणि रक्तही रंगातच मिसळून गेलं होतं. बिजलीबाई नाचल्या होत्या. थोडंच, बायका म्हणाल्या. आणि जोडा फक्त त्या दिवशीच नाही, पुढचे दिवसही पायात होता, कारण सोयरे-धायरे जाईपर्यंत तानाबाई तिथेच होती. जखम आत हाडापर्यंत गेली होती. पू तळव्यातून घोट्याकडे चढला होता. डॉक्टरांनी आधी करंगळी आणि पावलाची बाहेरची कड काढली. आठवडाभर वाट पाहिली. मग संमतीच्या कागदावर बाबूसिंगांचा अंगठा घेऊन गुडघ्याखालून पाय काढला.

रजनी दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाई. बिजलीबाई पहिल्यांदा नीट शुद्धीवर होत्या तेव्हा चैत्राचं ऊन तापलं होतं आणि वॉर्डातला पंखा गरम हवाच फिरवत होता. त्या उशाला टेकून बसल्या होत्या. अंगावर दवाखान्याचा हिरवा झगा होता, फेटिया-कांचळी कुणीतरी गाठोड्यात बांधून खाटेखाली ठेवली होती. झग्यात त्या फार लहान दिसत होत्या.

"आली का वं," त्या म्हणाल्या. "बस. जेवली का?"

रजनी बसली. तिला जे बोलायचं होतं ते तिने बसमध्ये जुळवलं होतं. "त्या दिवशी मी तो काढायला हवा होता, बिजलीबाई. माझा हात होता त्याच्यावर. आणि त्याच्या आधी, लाल लावा म्हणालात तेव्हा, मी आतून मऊ अस्तर देऊन तुम्हाला हवा तसा–"

"तू काढला असता तं मी पुन्हा घातला असता," बिजलीबाई म्हणाल्या. "तू कुठं राखन बसनार होती?"

पलीकडच्या खाटेवरची बाई कण्हत होती. बिजलीबाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे.

"विहीनबाईनं पोट्टं मांडीवर ठेवलं. तू पाह्यलं ना? तू व्हती तिथं."

"पाहिलं."

"चार दिवस माह्याच जवळ व्हता. कोनी माह्यापासून सरकलं नाई." त्यांनी झगा सारखा केला. "आता तं काय, आता त्या येतेत, रडतेत, पोट्टं दुरून दाखवतेत. दवाखान्यात लहान लेकरू आनू नये म्हनतेत. बरोबरच हाये."

रजनीला वाटलं होतं की त्या विचारतील, याच्यासाठी पाय गेला, बरं झालं का. त्यांनी विचारलं नाही.

बाबूसिंग पाण्याची बाटली भरून आले. घुटमळत म्हणाले, "मॅडम, डॉक्टर म्हनते उजवा पाय जपा. आता साराच भार त्याच्यावर येईन. कुबड्या घेऊन चालाचं तरी जोडा लागनच."

"एक लागन," बिजलीबाई म्हणाल्या. "दोन कायले."

रजनीने पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली. तिने ती आणली होती, पण विचारायचा धीर होत नव्हता. कागद एका पुठ्ठ्यावर ठेवून तिने तो जमिनीवर टेकवला. बाबूसिंगांनी बिजलीबाईंना बगलेत धरून खाटेच्या कडेला बसवलं आणि उजवा पाय कागदावर ठेवला. तळव्याच्या कडेला, नखांच्या मुळाशी, अजून जरासा रंग उरलेला होता. रजनीने पेन्सिल उभी धरून टाचेपासून सुरुवात केली. तिरपी धरली की आकृती लहान येते, हे ती नव्या माणसाला पहिल्यांदा शिकवत असे.

"ह्या वेळी पट्ट्याला आतून मी मऊ कापडाचं अस्तर देते," ती वर न बघता म्हणाली. "वरून तुम्ही काय हवं ते भरा. लाल म्हणाल तर लाल. देवीलालला सांगून मऊ चामडं मागवते, रंगीत."

 पेन्सिल करंगळीला वळसा घालून पुढे आली.

"काळाच कर," बिजलीबाई म्हणाल्या. "आता कोन पाह्यते."

रजनीने अंगठ्याची रेघ पूर्ण केली आणि कागद उचलला. बाबूसिंगांनी पाय पुन्हा खाटेवर ठेवला, खांद्यावरचं धडपं घेतलं, आणि रोजच्यासारखं एकेक बेचकं पुसायला लागले.